ती जेवत नाही गो, आणि मला तुझी अकरावी आठवते

ठके,

गणपतीच्या चवथीनंतर आपलं धड बोलणंच झालं नाही. तुझी इंटर्नल्स, माझी सेमिस्टर, आणि एकमेकींना रील्स पाठवणं म्हणजे काही बोलणं नव्हे. घरी सगळे बरे आहेत, आजीचे गुडघे तसेच, मी पण बरी. आता मुद्द्याचं लिहिते, कारण हे तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही.

माझी रूममेट जेवत नाही. नाव लिहीत नाही, पण फोनवर मागे हसायची ती तीच. चवथीला घरी गेली तेव्हा नेवऱ्यांचं ताट पुढे करत करतच तिच्या काकीने सगळ्यांसमोर म्हटलं, हॉस्टेल बरंच मानवलं गो तुला. परत आली ती थेट बाजारातल्या फार्मसीच्या वजनकाट्यावर. 3 किलो जास्त. तेवढ्यावर झालं असतं तर झालं असतं, पण मग रात्रभर मोबाईलवर वाचत बसली आणि तिला तो अमेरिकेतला फ्रेशमन फिफ्टीन सापडला, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षी वजन 15 ने वाढतंच म्हणे. हिने ते किलो धरले! पौंड असतात ते, सात किलोला थोडे कमी. आणि तेही खरं नाही, मी नीट शोधून वाचलं, 2015 मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला होता त्यात सरासरी वाढ दीड किलोच्याही खाली निघाली. मी तिला दाखवलं. तिने वाचलं, मान हलवली आणि रात्रीचं जेवण सोडलं.

मेसमध्ये ती काय करते सांगू? चपातीचे बारीक बारीक तुकडे करते, ते भाताखाली सारते, वर डाळीची वाटी ठेवते, आणि सगळा वेळ बोलत राहते, इतकं मजेशीर बोलते की तिच्या ताटाकडे कोणाचं लक्षच जात नाही. माझं गेलं. कारण लॅबच्या मागे उभी राहून कावळ्यांना भाकरी घालणारी तू मी बघितलीयस. तू पण तेव्हा अशीच बोलायचीस, सरांची नक्कल, बसच्या कंडक्टरची नक्कल, आम्ही हसून हसून लोळायचो आणि घरून भरून आलेला तुझा डबा रिकामा व्हायचा, फक्त तुझ्या पोटात नाही.

वजन का वाढतं ते काही मोठं कोडं नाही गं. बारावीपर्यंत आपण शाळेला चालत जायचो, संध्याकाळी खो-खो, घरी आल्यावर पेज नाहीतर शीत-हुमण, आणि दहाला आई लाईट बंद करायची. इथे सगळं उलटं. क्लास समोरच्या बिल्डिंगमध्ये, जुलै-ऑगस्टचा पाऊस असा की बाहेर पाय टाकवत नाही, सकाळी पाव-भाजी, चारला कँटीनमध्ये मिरची भजी आणि पाव, मेस आठला बंद. मग बाराला परत भूक लागते की मॅगी आणि कोल्ड ड्रिंक. 300 मिलीच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या वर साखर असते, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घेतलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. एका बाटलीतच संपलं सगळं. झोप कमी झाली की भूक आणखी वाढते, तेही खरंच आहे, परीक्षेच्या आठवड्यात बघ आपण किती आणि काय काय खातो.

माझं पण दोन किलो वाढलं होतं. मी कोल्ड ड्रिंक सोडलं, सकाळी मैद्याच्या पावाऐवजी पोई घेते, निदान कोंडा तरी जातो पोटात, रोज संध्याकाळी गोपाळ गणपतीच्या देवळापर्यंत चालत जाऊन येते आणि साडेअकराला झोपते. बाकी सगळं खाते, रविवारी मासळी तर सोडतच नाही. वजन आहे तिथेच थांबलंय आणि मला तेवढं पुरे. अठराव्या वर्षी थोडं अंग भरणारच, आईच्या लग्नातल्या ब्लाऊजमध्ये मावायचं व्रत कोणी घेतलंय? तिला चालायला चल म्हटलं तर आली, खूप आनंदाने आली. मग कळलं की ती मी झोपल्यावर जिन्यावरून खाली-वर करत असते.

ऑक्टोबरच्या त्या मरणाच्या उकाड्यात ती स्वेटर घालून बसायची. फणीत केसांचे पुंजके. पाळी चुकली, ती म्हणते बरंच झालं कटकट गेली. आणि जेव्हा थोडंफार खाते तेव्हा लगेच बाथरूममध्ये जाते आणि नळ पूर्ण सोडते. मी काही बावळट नाही, नळ कशाला सोडतात ते मला कळतं. उलट्या काढून काढून अंगातलं पोटॅशियम उतरतं आणि त्याचा धोका थेट हृदयाला असतो, हे वाचल्यापासून त्या नळाचा आवाज आला की मी उठून दाराशी जाते. काल ती जिन्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊन बसली. शुद्धीवर होती, पण माझा हात धरून म्हणाली, कोणाला सांगू नकोस हां.

बरोब्बर तेच शब्द, ठके.

तेव्हा मी तुझ्या आईला सांगितलं आणि तू शिगम्यापर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. चहाडखोर म्हणालीस, माझी वही फाडलीस, जत्रेत माझ्या समोर उभी राहून एकटीने सगळं खाजं खाल्लंस, आणि मला राग यायच्या ऐवजी इतका आनंद झाला की बास, हे मी तुला कधी सांगितलं नाही. मी सांगितलं ते बरोबरच केलं असं मला आजही वाटतं. पण तुझी आई तुझी आई होती. हिच्या घरी कळलं तर बाबा सरळ सामान भरून घरी नेणार, आणि पुढे शिकायला मिळण्यासाठी या मुलीने किती भांडणं काढलीत ते मला माहीत आहे. वॉर्डनला सांगितलं तर फोन घरीच जाणार. टेली-मानस म्हणून सरकारची मनाच्या आजारांसाठीची हेल्पलाइन आहे, तिचा 14416 मी फोनमध्ये सेव्ह केलाय, फुकट आहे, रात्रीही लागतो. बांबोळीला मानसोपचाराचं सरकारी हॉस्पिटल आहे, मी तिच्याबरोबर बसने जाईन, दिवसभर बसेन, पण ती म्हणते मला काय वेड लागलंय?

म्हणून तुला विचारते, आणि हसण्यावारी नेऊ नकोस. तेव्हा तुला माझ्याकडून काय हवं होतं? मी आधी तुझ्याशीच बोलले असते तर तू ऐकलं असतंस की आणखी लपवलं असतंस? मला आठवतं की तू पहिल्यांदा पोटभर जेवलीस ती तुझ्या आजीकडे, मागच्या पडवीत, आटवल, आणि आजी तुझ्याकडे बघतही नव्हती, नारळ सोलत होती. ते न बघणं कामाला आलं का गं? की डॉक्टरबाईंच्या गोळ्या? मी तिच्या ताटाकडे बघायचं बंद करू का? मला ते जमेल असं वाटत नाही.

मी ठरवलंय की शनिवारपर्यंत तिच्या मोठ्या बहिणीला सांगायचं, ती मडगावात नोकरी करते आणि समजूतदार वाटते, आणि तसं मी आधी हिला तोंडावर सांगणार. पुन्हा जिन्यावर काही झालं तर शनिवारची वाट बघणार नाही. ती बोलायची बंद झाली तर होऊ दे, मला सवय आहे.

बरं, तुझं काय? पीजीवाली गरम पाणी देते का आता? दादाचं ठरलं असं आई म्हणाली, मुलगी डिचोलीचीच ना? फोटो पाठव. आणि तू जेवतेस ना नीट, सहज विचारते.

फोन कर, पण सात ते साडेसातमध्ये, तेव्हा मी एकटी चालत असते. रूमवर असताना यातलं काही बोलता येणार नाही.

तुझी,
मनी