आठ तास मागणे हा नखरा नव्हे

महोदय,

मुलीच्या जन्मानंतर दीपिका पदुकोणने आठ तासांच्या पाळीचा आग्रह धरला, तेव्हा मनोरंजनाच्या पानांवर चर्चा रंगली ती तिच्या 'नखऱ्यांची'. कित्येक पुरुष कलाकार वर्षानुवर्षे आठच तास काम करतात, हे तिने जाहीरपणे सांगितले, तरी त्यांच्याबद्दल कुणी अवाक्षर काढले नाही.

संध्याकाळच्या बदलापूर लोकलमध्ये, महिला डब्यात, हा विषय निघाला. शेजारच्या ताई मांडीवरच्या पिशवीत मटार सोलत होत्या. म्हणाल्या, "तिने मागितले तरी. मी सहाला निघते म्हटलं की साहेब घड्याळाकडे बघतात."

५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवे, असा कायदा २०१७ पासून आहे. माझ्या जुन्या कार्यालयात त्या नावाची एक खोली होती. कायम कुलूप, आत मोडक्या खुर्च्या. मुलगी दहा महिन्यांची असताना मी नोकरी सोडली. 'हिचं कामात लक्षच नव्हतं,' असे मागे बोलले गेले. ते अजून सलते.

नटीच्या कामाच्या तासांची बातमी गॉसिपच्या सदरात नको, कामगारांच्या प्रश्नांसोबत छापा, ही कळकळीची विनंती.

– एक नोकरदार वाचक, बदलापूर