सुहासला पत्र: सोळा आणि साठ

बॅटन रूज, लुइझियाना
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

काल रात्री आमच्याच टायगर स्टेडियममध्ये अमेरिकन फुटबॉलमध्ये अलाबामा युनिव्हर्सिटीने आमच्या एलएसयूचा, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा, ४२-१३ असा फडशा पाडला. त्यांचा क्वार्टरबॅक जेलन मिलरो स्वतः चेंडू घेऊन पळाला आणि चार टचडाउन (चेंडू समोरच्या संघाच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवणं) करून गेला. झोप लागेना, म्हणून पहाटेच पत्र लिहायला बसलोय. मागे फोनवर तू विचारलं होतंस, एका कॉलेजच्या टीमसाठी लाख माणसं कशी जमतात? तेव्हा नीट सांगता आलं नाही.

रणजीचे स्कोअर वहीत उतरवणारा तू, तर तुझ्या वहीत हे दोन आकडे लिही: १६ आणि ६०. दोन्ही आमचा जुना क्वार्टरबॅक जो बरो याचे.

या खेळात जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू आधी क्वार्टरबॅककडे येतो. समोरून धिप्पाड गडी अंगावर धावून येत असतात आणि दोन-तीन सेकंदांत ठरवायचं असतं: फेकायचा, शेजारच्याला द्यायचा की आपणच पळायचं. मी एमएससाठी इथे आलो ते २०१८ साल. त्याच वर्षी बरो ओहायो स्टेट युनिव्हर्सिटी सोडून एलएसयूत आला. ओहायोत तीन वर्षं तो राखीवच होता. पहिल्या मोसमात आम्ही १३ पैकी १० सामने जिंकलो, त्याच्या पासवर १६ टचडाउन झाले. बरं चाललं होतं, एवढंच. अलाबामा इथे येऊन २९-० ने जिंकून गेली, तो त्यांच्याकडून सलग आठवा पराभव. टेक्सास ए अँड एमशी सात ओव्हरटाइम खेळून ७४-७२ ने हरलो.

आणि पुढच्याच वर्षी त्याच माणसाच्या पासवर ६० टचडाउन, ५,६७१ यार्ड, १५ पैकी १५ विजय! (६० हा तेव्हाचा विक्रम. २०२१ मध्ये बेली झॅपीने ६२ केले, तेही लिहून ठेव.)

हे झालं कसं, ते मला फार मोलाचं वाटतं. न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघाकडून जो ब्रेडी नावाचा २९ वर्षांचा प्रशिक्षक आला. त्याने पाच-पाच जणांना पास झेलायला पळवायला सुरुवात केली. बचाव करणाऱ्यांना मैदानभर पांगावं लागे आणि कोण मोकळा आहे हे बरोला चटकन दिसे. पळणारेही कोण, तर जमार चेस आणि जस्टिन जेफरसन! आधीच्या वर्षी बरोचे शंभरातले जेमतेम ५८ पास झेलले जात, आता ७६. अलाबामाच्या घरी, टस्कलूसात जाऊन त्यांना ४६-४१ हरवलं, तेव्हा आमच्या खोलीत अनोळखी पोरांनीही मला मिठ्या मारल्या. ओक्लाहोमाविरुद्ध तर पहिल्या अर्ध्यातच सात टचडाउन पास!

पण माझ्या मनात राहिलीय ती ३० नोव्हेंबरची रात्र. घरच्या मैदानावरचा त्याचा शेवटचा सामना, समोर पुन्हा टेक्सास ए अँड एम. बरो मैदानात आला तो पाठीवर 'बरो' हे नाव इथल्या फ्रेंच वळणाने लिहून. उच्चार तोच, पण शेवटी 'ईएयूएक्स', इथल्या घराघरांतल्या आडनावांसारखं. माझ्या शेजारचे आजोबा टोपी काढून रडत होते. परक्या गावात दीडच वर्ष काढलेला मीही रडलो, सुहास. ५०-७ ने जिंकलो, पण स्कोअर नंतर कुणी बोललंच नाही.

पुढच्या वर्षी तो नव्हता आणि आम्ही पाच विजय, पाच पराभवांवर आलो. २०२३ मध्ये आमचा क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्सने हाइसमन (देशातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूचा पुरस्कार) जिंकला, तोही दुसऱ्या कॉलेजातून आलेला. आता त्या जागी नुसमायर आहे. काल त्याचा दिवस नव्हता.

शनिवारी फ्लोरिडाशी सामना आहे. तुमच्याकडे मध्यरात्र उलटलेली असेल. जागा असलास तर फोन कर, मी सांगत जाईन, तू वहीत उतरव. काकूंना नमस्कार.

तुझाच,
अविनाश