काकूंची कंबर आणि तो रिपोर्ट

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

काकूंचा एमआरआय रिपोर्ट पाहिला. ‘डिस्क डीजनरेशन’ (मणक्यांमधल्या गाद्यांची झीज) वाचून त्या घाबरल्या असतील, तर आधी हे सांग: कंबर अजिबात न दुखणाऱ्यांच्या तपासण्यांचा 2015 मध्ये एक मोठा आढावा निघाला. त्यात 80 वर्षांच्या 96 टक्के लोकांत हेच दिसलं. विशीतल्यांतही 37 टक्के!

म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, हाडं ठिसूळ होतात, मांड्या-नितंबांची ताकद उतरते. चालताना पाय भरून येतात, पण बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर बरं वाटतं, असं असेल तर मणक्यातली नसांची वाट अरुंद झालेली असू शकते. डॉक्टरांना ते मुद्दाम सांगा.

पण तीन महिन्यांहून जुन्या दुखण्यात मज्जासंस्थाच हळवी होऊन बसू शकते. त्यात मोडलेली झोप, उदासी आणि ‘वाकले तर मणका सरकेल’ ही धास्ती. धास्तीपायी हालचाल थांबते, स्नायू आणखी सुटतात, मग साधं उठणंही दुखतं. तुझं ‘आई, तू बस, मी करतो’ यात भरच घालतं, राग मानू नकोस.

दुखणं वाढेपर्यंत त्या किती मिनिटं चालतात, ते तीन दिवस मोज. सरासरी 10 आली तर 8 पासून सुरुवात, दिवसातून दोनदा. बऱ्या दिवशीही 8च. बहुतेक जणी इथेच फसतात: बरं वाटलं की साचलेली सगळी कामं उरकतात आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात. आठवड्याने एक-दोन मिनिटं वाढवा. जोडीला खुर्चीतून उठबस, 5 वेळा, दोन फेऱ्या, एक दिवसाआड. जड गेलं तर उशी ठेवून बैठक उंच करा. दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत उतरलं तर ठीक. त्याहून लांबलं तर संख्या कमी करा, बंद मात्र करू नका.

हाडं ठिसूळ असतील तर पोट आवळून पुढे वाकायचे व्यायाम नकोत. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून धरण्याचा उपचार) यांवर खर्च करू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शनातही त्यांची शिफारस नाही.

किरकोळ पडल्यावर अचानक जबर कळ आली, तर मणका दबल्याची तपासणी लगेच. लघवी अडली किंवा जांघेत बधिरता आली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. ताप किंवा विनाकारण घटणारं वजनही अंगावर काढू नका.

आणि रोज ‘किती दुखतंय?’ विचारू नकोस. ‘आज किती मिनिटं झाली?’ विचार.

तुझा,
विनय