चिऊ, तुझे तास धरलेस का?

चिऊ,

काल फोन तू ठेवलास की आपोआप कट झाला माहीत नाही, आईचं म्हणणं तू ठेवलास. असू दे. मी एवढंच विचारलं होतं की तू विकायला करतेस त्या हाताने शिवलेल्या डायरीला वेळ किती लागतो, तर तू म्हणालीस बाबा प्रत्येक गोष्टीत पैसा नका ना आणू. बरं, या पत्रात नाही आणणार.

आधी चांगलं सांगतो. ती ढगवाली डायरी आईने कपाटात ठेवलीय, कुणाला हात लावू देत नाही. मी हळूच काढून बघितली. भोकं एका रेषेत, शिलाई कुठे सैल नाही. सगळी नोकरी प्रेसमध्ये गेली माझी, बाइंडिंगवाल्याने कुठे घाई केलीय ते बोट फिरवलं की कळतं. तू घाई केलेली नाहीस. हे फोनवरच सांगणार होतो, पण तू आधी राजीनाम्याचं सांगितलंस आणि मग दादा मध्ये बोलला आणि राहिलंच.

फक्त कार्डाची घडी तडकतेय. कागदाचा ग्रेन बघ, म्हणजे तंतूंची दिशा, ३०० जीएसएमचं जाड कार्ड ग्रेनच्या आडवं दुमडलं की घडीवर शाई फुटते, आधी क्रीझ, म्हणजे दाबून घडीची रेघ, मारून घे. आणि स्क्रीनवरचा तो झगमगीत गुलाबी छापल्यावर मळकट होणार, स्क्रीनचे रंग उजेडाचे (आरजीबी) आणि छपाईचे चार शाईंचे (सीएमवायके), म्हणून प्रूफ, म्हणजे नमुना छापून, बघितल्याशिवाय हो म्हणू नकोस. चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड ठेव, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर जादा रंग. प्रेसवाला म्हणेल ५०० छापा, नगामागे स्वस्त पडेल. खोटं नाही बोलत तो, पण उरलेले गठ्ठे तुझ्या पलंगाखाली राहतात, त्याच्या नाही. सुरुवातीला थोडेच छाप, महाग पडले तरी.

आणि महाग पडले तर किंमत वाढवशील ना? कागद, छपाई, पॅकिंग, कुरियर तू धरतेस माहितीय मला. पण तुझे तास? फोटो काढायचे, हे निळ्यात मिळेल का म्हणणाऱ्यांना उत्तरं द्यायची, चुकलेली पानं पुन्हा कापायची, हे कोण धरणार? उद्या एखादा दुकानदार म्हणाला माल ठेव माझ्याकडे, तर तो साधारण निम्म्या भावात मागेल, आणि तू खर्चाएवढीच किंमत लावली असशील तर प्रत्येक नगामागे पदरचे घालशील.

बघ, काढलंच पैशाचं. सॉरी.

तुझ्या त्या वाशी टेपबद्दल, त्या रंगीत कागदी चिकटपट्टीबद्दल, वाचत बसलो होतो रात्री. जपानची कामोई कंपनी, १९२३ साली माशा पकडायचा चिकट कागद करायची, पुढे रंगकामाची मास्किंग टेप. ती टेप शोभेसाठी वापरणाऱ्या काही बायकांनीच कारखाना बघायला मागितला, आणि त्यातून २००८ साली रंगीत टेप बाजारात आली. मला फार आवडलं हे. आणि हो, कुणी म्हणालं ती बो लावलेली मांजर, हॅलो किटी, स्टिकरवर काढून दे, तर सरळ नाही म्हण. सानरिओ कंपनीने ती १९७४ साली आणली, पण हक्क आजही त्यांचेच. तुझा तो झोपाळू ढग बराय की.

तू लहान होतीस, तुला आठवणार नाही, आई मशीनवर बसायची तेव्हा माईच्या घरचे सगळे पडदे, वरच्या मजल्यावरच्यांच्या पोरींचे फ्रॉक, सगळं हिच्याकडे. माणसं वाईट नव्हती गं. तुझ्या हातात जादू आहे म्हणायचे आणि पिशवी घेऊन जायचे. दोऱ्याचे तेवढे द्यायचे, तेही कधी कधी. आई एक अक्षर बोलली नाही, नंतर मशीनवर कव्हर पडलं ते पडलंच. म्हणून तुझ्या फोटोखाली लोक "किती क्यूट" लिहितात ना, मला छाती फुगवून दादाला दाखवावंसं वाटतं आणि लगेच धास्तीही वाटते की हे घेणारेत की नुसतं म्हणणारेत.

लेक्चर झालं परत. तुझी आई म्हणते तिला कळतं सगळं, तुम्ही गप्प बसा. कळतच असेल.

प्रेसमधला माझा क्रीझिंगचा हाडाचा चाकू पाठवतोय, कोपरा थोडा झिजलाय पण घडी छान बसते. ग्रेन कळत नसेल तर एक कोरा कागद पाठव, मी खूण करून देतो. आणि पुढची डायरी करशील ती घड्याळ लावून कर, किती वेळ लागला ते मला मेसेज कर. आईला नको करूस, ती म्हणेल मी परत मागे लागलो.

बाबा