नागपूरच्या बर्डीवरच्या रिमोटवाल्या भाऊंना, बाबांकडून आणि माझ्याकडून

भाऊ, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे त्या दोन तासांतच कळलं होतं. पण तुम्ही ओळखालच. मे महिन्यात भर दुपारी एक बाई कापडी पिशवीत पाच रिमोट घेऊन आली होती आणि सोबत तिचे बाबा होते, ज्यांचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला होता, ती मी. तीन आठवडे झाले, रोज म्हणते की भाऊंना फोन करून धन्यवाद म्हणू, आणि फोन हातात घेतला की गळा दाटून येतो, म्हणून आज लिहूनच टाकते.

आधी बाबांबद्दल थोडं सांगते, कारण दुकानात तुम्हाला सगळं सांगणं झालं नाही. बाबा २००८ साली रिटायर झाले आणि पीएफच्या पैशातून त्यांनी स्वतःसाठी एकच वस्तू घेतली, ते होम थिएटर. ॲम्प म्हणजे ॲम्प्लिफायर, पाच स्पीकर, खर्जाच्या आवाजाचा एक सबवूफर. आईनं तेव्हा खूप ऐकवलं होतं, पण संध्याकाळी हॉलचा लाइट बंद करून वसंतराव देशपांडे लावले की तीही येऊन बसायची. मागच्या वर्षी दिवाळीनंतर बाबांना पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली, बोलणं पण हळू झालं. चालायला लागले ते जिद्दीनं, पण हात आला नाही. आणि त्यात ॲम्पच्या रिमोटचं व्हॉल्यूमचं बटणच मेलं. म्हणजे ज्या माणसाला आता दिवसभर घरातच बसायचं आहे त्याला स्वतःच्या गाण्याचा आवाज कमी-जास्त करायला दर वेळी कोणालातरी हाक मारायची, आणि हाक मारायलाही जीभ साथ देत नाही. ते हाक मारणंच त्यांनी बंद केलं भाऊ. गाणं लावणंच बंद केलं. ते जास्त लागलं मला.

तुमच्याकडे यायच्या आधी आम्ही कुठे कुठे फिरलो ते पण लिहिते, कारण राग अजून गेला नाही. एका मोठ्या एसी शोरूममध्ये गेलो, तिथला पोरगा बाबांकडे बघायलाच तयार नव्हता, माझ्याशीच बोलत होता, म्हणे जुना ॲम्प काढून टाका मॅडम, साउंडबार घ्या, आजोबांना कुठे काय समजते. बाबांना सगळं समजत होतं. उभ्या उभ्या त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो पोरगा ईएमआय समजावत होता. कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांनी मॉडेल नंबर ऐकूनच सांगितलं की बंद झालं, रिमोट मिळणार नाही, पुढे एक शब्द नाही. तिसऱ्या ठिकाणी एक ऑल इन वन म्हणून रिमोट गळ्यात मारला, सोबत बारीक अक्षरातली कोडची पुस्तिका, दोन रात्री मी ते आकडे टाकत बसली, टीव्ही चालू झाला, ॲम्प काही केल्या ऐकेना, परत करायला गेली तर म्हणे पाकीट फोडलं आता घेता येणार नाही. पुण्याच्या भावानं लॉजिटेकच्या हार्मनीचं नाव सांगितलं, चौकशी केली तर कळलं की ते रिमोट बनवणंच कंपनीनं २०२१ मध्ये बंद केलं, जुना कोणी विकत असेल तर घ्या. माझ्या मुलानं मोबाईलमध्ये ॲप टाकून दिलं. काचेवर बोट फिरवायचं आणि लाइट बंद असताना बटण कुठे आहे ते बघायला आधी चष्मा शोधायचा, बाबांनी दोन दिवसांत तो मोबाईल बाजूला ठेवून दिला.

मग आमच्या इलेक्ट्रिशियननं तुमच्या दुकानाचा पत्ता दिला.

त्या दिवशी ऊन असं होतं की मुंजे चौकात ऑटोतून उतरल्यावर बाबांना मेट्रोच्या सावलीत पाच मिनिटं उभं करावं लागलं. तुमच्या दुकानाला दोन पायऱ्या आहेत, तुम्ही काउंटर सोडून खाली आले, पण बाबांचा हात धरला नाही, नुसते बाजूला उभे राहिले आणि म्हटलं, "या काकाजी, आरामानं, घाई नाही काही." बसल्यावर मटक्याचं पाणी दिलं. मी पिशवी उघडून माझं पुराण सुरू केलं तर तुम्ही मला थांबवलं. "ताई, एक मिनिट. रिमोट ज्याच्या हातात राहीन त्याले आधी विचारा लागते ना." आणि बाबांकडे वळून विचारलं, "काकाजी, चहा कोणत्या हातानं घेता?" बाबांनी डावा हात वर केला. "आणि काय काय लावता घरी?" बाबांना उत्तर द्यायला वेळ लागला, एकेक शब्द येत होता, मी मध्ये बोलायला गेली तर तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाही, त्यांच्याच तोंडाकडे बघत राहिले, ते "वसंतराव" म्हणेपर्यंत.

त्यानंतर तुम्ही जे केलं त्याच्यासाठीच खरं तर हे पत्र आहे.

तुम्ही शोकेसमधून चार रिमोट काढून काउंटरवर ठेवले, आणि स्वतःचा उजवा हात पॅन्टच्या खिशात घातला. मला आधी वाटलं सहज घातला असेल. मग तुम्ही डाव्या हातानं पहिला रिमोट उचलला, अंगठ्यानं वरचं बटण दाबायला गेले, रिमोट लांब होता, मागच्या मागे कलला आणि काउंटरवर पडला. "हा नाही काकाजी. वरचं बटण दाबाले गेलो का हातातून सुटते." दुसरा गुळगुळीत होता, घामाच्या हातात फिरत होता, तोही बाजूला. तिसऱ्याची बटणं इतकी जवळजवळ की अंगठा एकावर आणि दाबलं जायचं दुसरंच. मध्ये एक मुलगा पेन्सिल सेल घ्यायला आला, तुम्ही डाव्याच हातानं सेल काढून दिले, डाव्याच हातानं गल्ला उघडला, सुटे देताना दोन रुपयांचं नाणं खाली पडलं, तो मुलगाच वाकून उचलत होता, तरी तुमचा उजवा हात खिशातच. दहा-पंधरा मिनिटं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे सहज नाहीये. बाबांच्या पण लक्षात आलं. त्यांनी माझा पदर ओढला आणि तुमच्या खिशाकडे डोळ्यांनी दाखवलं.

भाऊ, दवाखान्यात झालं, नातेवाइकांत झालं, बाबांना या सहा महिन्यांत कितीतरी जणांनी धीर दिला, सल्ले दिले, फळं आणली. पण एका हाताचं आयुष्य कसं असते ते बघायला स्वतःचा हात खिशात घालणारा माणूस आम्हाला एकच भेटला. मुलगी असून मला नाही सुचलं ते. घरी आल्यावर मी तसं करून बघितलं, एका हातानं रिमोटचं सेलचं झाकण उघडायचा प्रयत्न केला, नाही उघडलं.

चौथा रिमोट तुम्ही बाबांच्या हातात दिला आणि ट्यूबलाइट बंद करून शटर अर्धं खाली घेतलं. "आता आवाज वाढवून दाखवा काकाजी." आखूड, रबरी पाठीचा, मोठ्या बटणांचा, व्हॉल्यूमची जोडी बरोबर मधोमध, उंचावलेली. अंधारात बाबांचा अंगठा तिथेच गेला. "जमते," बाबा म्हणाले. एकदम स्पष्ट.

तो शिकणारा रिमोट होता हे मला तुम्ही नंतर समजावलं, कोड टाकायची भानगडच नाही, जुना रिमोट त्याच्या तोंडासमोर धरून बटण दाबलं की तो तेच शिकून घेतो. हे काही नवीन पण नाही म्हणे. मी घरी येऊन वाचलं तर ॲपलवाल्या स्टीव्ह वॉझ्नियाकनं १९८७ मध्येच असा शिकणारा रिमोट बाजारात आणला होता. म्हणजे जवळपास चाळीस वर्षं जुनी गोष्ट, आणि शोरूमवाला मला म्हणतो की साउंडबारशिवाय इलाज नाही!

पण शिकवायला जुन्या रिमोटचं बटण तरी चाललं पाहिजे, आणि आमचं तर मेलेलं. तेही तुम्ही उघडून बसले. खालच्या पट्टीवर खोडरबर फिरवलं, स्पिरिट लावलं, रबराच्या बटणामागचा तो काळा ठिपका झिजला होता तो ठीक केला, आणि मोबाईलचा पुढचा कॅमेरा समोर धरून बाबांना दाखवलं की बटण दाबलं की रिमोटच्या टोकाला जांभळट उजेड लुकलुकतो, जो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. बाबांनी तीनदा दाबून बघितलं. अटॅकनंतर ते पहिल्यांदा मोठ्यानं हसले, ते तुमच्या दुकानात.

माझ्या डोक्यात होतं की एका बटणात सगळं चालू झालं पाहिजे. तुम्ही नाही म्हटलं, आणि का ते पण सांगितलं, जुन्या ॲम्पला चालू आणि बंद एकाच बटणावर आहे, तो आधीच चालू असला तर सगळं चालू करायच्या नादात तोच बंद पडीन, मग काकाजी गडबडतीन. टीव्ही, सेटटॉप असे वेगवेगळे मोड पण ठेवले नाहीत, कारण चुकून मोड बदलला की बाबांना वाटलं असतं रिमोट बिघडला. एकाच पानावर सगळं, आवाज ॲम्पचा, चॅनेल सेटटॉपचे, बाण टीव्हीचे. ॲम्पचं इनपुट कायम ऑप्टिकलवर, म्हणजे टीव्हीचा आवाज ॲम्पला नेणाऱ्या वायरवर, सोडून द्या म्हणाले, त्याला हातच लावायचा नाही. टीव्हीच्या रिमोटनं ॲम्पचा आवाज का वाढत नाही हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, ऑप्टिकलमधून नुसता आवाज जातो, रिमोटचा हुकूम जात नाही, आणि टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरनंच ॲम्पला द्यायची एआरसी नावाची सोय एचडीएमआय १.४ सोबत २००९ मध्ये आली, आमचा ॲम्प २००८ चा, इतकी साधी गोष्ट. आणि टीव्हीवर इंटरनेटचे कार्यक्रम दाखवणाऱ्या फायर स्टिकचा रिमोट ब्लूटूथवर चालतो म्हणून तो शिकवता येणार नाही हे तुम्ही पैसे घ्यायच्या आधी सांगितलं, नंतर नाही. संध्याकाळी फोनवर टीव्हीच्या सेटिंगमधलं सीईसी, म्हणजे टीव्हीला जोडलेली वस्तू टीव्हीच्या रिमोटनं चालवायची सोय, चालू करून घेतलं, आता टीव्हीच्याच बाणांनी स्टिक पण चालते. पाचाचा एक झाला.

सगळं शिकवून झाल्यावर तुम्ही सेल काढून बाजूला ठेवले आणि आम्हाला चहा मागवला. मला कळेना आता काय. "काही स्वस्त रिमोटांत सेल बदलला का सगळं पुसून जाते ताई. घरी जाऊन कळण्यापेक्षा इथंच पाहू ना." चहा संपल्यावर सेल घातले, सगळं जसंच्या तसं होतं, मगच तुम्ही पाकिटात भरला. साडेचारशे रुपये रिमोटचे. जुना रिमोट उघडला, साफ केला, दोन तास बसले, त्याचे काय म्हटलं तर हात हलवला. तो डावाच होता, बाबांनी तेही बघितलं.

आपल्या नागपुरात मोठी मोठी दुकानं झाली, गारेगार हवा, गुळगुळीत फरशी, आणि तिथे गिऱ्हाईकाचा चेहरा बघायला कोणाला सवड नाही. मला कोणाचा धंदा खराब करायचा नाही. पण माणूस समोर बसला असताना त्याच्याबद्दल बाजूच्याशी बोलायचं, हे कुठून शिकतात देव जाणे. तुमच्याकडे एसी नव्हता, घाम निथळत होता तुमचा, आणि बाबांना "समजून राह्यलं ना काकाजी?" असं तुम्ही प्रत्येक बटणाला विचारलं. ज्याला सहा महिने कोणी काही विचारत नव्हतं त्याला.

आता घरची खबर. आई सकाळी उठली की रिमोट पुसून बाबांच्या डाव्या बाजूला ठेवते, ती जागा दुसऱ्या कोणी घ्यायची नाही असा नियम झाला आहे. जुने पाचही रिमोट तुम्ही सांगितलं तसे सेल काढून डब्यात ठेवले आहेत, नवा पडला-फुटला तर परत शिकवायला लागतील म्हणून. फिजिओवाल्या ताई येतात तेव्हा बाबा गाणं पॉज करतात आणि त्या गेल्या की तिथूनच पुढे लावतात. परवा आई आतून ओरडली, अहो किती मोठा आवाज, आणि मी सवयीनं उठायला गेली तर आवाज कमी झालेला होता. मी अर्धी उठलेली तशीच परत बसली.

बाबांनी तुमच्यासाठी निरोप दिला आहे, त्यांना पूर्ण बोलायला बराच वेळ लागला म्हणून जसाच्या तसा देते. "त्याले म्हणा, घरी ये. सबवूफर ऐकवतो." रविवारी संध्याकाळी तुमचं दुकान बंद असते हे बोर्डावर वाचलं होतं आम्ही. ऊन उतरलं की या, वहिनींना पण घेऊन या. आई म्हणते पुडाची वडी करीन.