माळ्यावरची निळी पत्रे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की जुन्या नाशकातल्या धोकादायक वाड्यांना नोटिसा निघतात आणि त्याच्या बातम्या येतात. मालक, भाडेकरू, खचलेल्या भिंती यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. मला लिहायचे आहे ते वाडा रिकामा करताना माळ्यावरून खाली येणाऱ्या कागदांविषयी.

तिवंध्याजवळचा आमचा वाडा गेल्या वर्षी उतरवला. आई जाऊन तीन वर्षे झाली होती. माळ्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. त्यात मी अमेरिकेतून तिला धाडलेली १४३ पत्रे होती, तारखेवार लावून सुतळीने बांधलेली. त्याच आठवड्यात शेजारच्या घरातली ट्रंक रद्दीत गेली. त्या घरची लेक कॅनडात होती, तिची कितीतरी वर्षांची पत्रे त्या ट्रंकेत होती. मला कळले तेव्हा दोन दिवस उलटले होते. दोन रद्दीची दुकाने पालथी घातली, पण गठ्ठे पुढे रवाना झाले होते.

१९९१ च्या ऑगस्टात सिंहस्थ लागणार, मग मुहूर्त नाहीत, म्हणून माझे लग्न मे महिन्यातच उरकले. मी एचपीटी कॉलेजातून मराठी घेऊन एम.ए. झाले होते, एका शाळेत शिकवत होते. पुढच्या जानेवारीत न्यू जर्सीला पोहोचले ती एच-४ व्हिसावर. नोकरीसाठी आलेल्याच्या बायकोचा हा व्हिसा. राहायची मुभा, कमवायची नाही. (यांतल्या काही जणींना कामाचा परवाना मिळू लागला तो थेट २०१५ मध्ये.) प्रत्येक अर्जावर माझी ओळख एकाच शब्दाची: डिपेंडंट. आडनाव नवे, आणि शिक्षण विचारणारे कोणी नाही. दिवस दिवस तोंडातून मराठी शब्द निघत नसे. मग मी आईला पत्र लिहायला बसायची.

तेव्हा एरोग्राम मिळत. निळा, पातळ, एकच कागद. तोच दुमडून पाकीट व्हायचा आणि आत दुसरा कपटाही घालायला मनाई. आठवडाभराचे सगळे तेवढ्यात मावले पाहिजे. काय सांगायचे, काय गाळायचे, कुठे थांबायचे हे मी त्या कागदावर शिकले. जागा संपली की समासात आडवे लिहायचे. ‘तुझी आडवी ओळ आधी वाचते, खरे तिथेच असते,’ असे आईने एकदा कळवले. त्यानंतर लिहिण्याविषयी मला अनेकांनी अनेक गोष्टी शिकवल्या, पण याच्या तोडीचे काही आठवत नाही.

आता ती पत्रे वाचताना जाणवते की परक्या देशातले सगळे मी नाशिकच्या मापाने मोजत होते. पहिल्या मोठ्या हिमवादळानंतर लिहिले आहे, ‘दारातला बर्फ दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागेल एवढा.’ गोदावरीचा पूर आपण ज्या मारुतीवरून मोजतो, तोच. आईला दुसरे काही सांगावे लागले नाही. तिचे उत्तर आले, ‘म्हणजे भांडीबाजारात पाणी शिरण्याच्या बेताला. जपून राहा.’

बऱ्याच वर्षांनी, कामाचा परवाना हाती आल्यावर, मी कथा लिहू लागले. हेच वाक्य एका इंग्रजी कथेत घातले. तिथल्या संपादकांनी ते काढले, वाचकाला कळणार नाही म्हणून, आणि त्याऐवजी मसाल्यांचा वास आणि ठरवून केलेले लग्न वाढवा असे सुचवले. तीच कथा मराठीत लिहून एका दिवाळी अंकाला पाठवली. त्यांनीही तेच वाक्य काढले! मारुती इथल्यांना रोजचाच, तिकडचे काही द्या, असे कारण आले. तिथे मी पुरेशी भारतीय नव्हते आणि इथे पुरेशी अमेरिकन नव्हते. ते वाक्य आजवर छापून आले आहे ते या पत्रात, आपण छापले तर.

आपल्याकडे पत्रांना लेखन मानण्याची रीत नवी नाही. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. त्या प्रवासाविषयी त्यांनी लिहिलेले पत्र त्याच वर्षी पुस्तकरूपाने छापले गेले. अमेरिकेच्या लोकस्थितीवरचा त्यांचा ग्रंथ आला तो त्यानंतर, १८८९ मध्ये. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी गेल्या. काशीबाई कानिटकरांना त्यांचे चरित्र लिहिताना आनंदीबाईंच्या पत्रांचा आधार मिळाला, कारण कोणीतरी ती जपून ठेवली होती. आमच्या पिढीच्या बायका त्यांच्याएवढ्या मोठ्या नाहीत, हे मला पूर्ण मान्य आहे. पण नोकरी नाही, भाषा उसनी, नाव बदललेले, अशा अवस्थेत त्यांनी मराठीत काय लिहिले हे पुढे कोणाला शोधायचे असेल, तर ते सापडणार कुठे? आमच्यातल्या बहुतेकींचे पुस्तक कधी निघाले नाही. त्यांचे लेखन म्हणजे हीच पत्रे.

सार्वजनिक वाचनालय या शहरात १८४० पासून आहे. तिथे किंवा अशाच एखाद्या संस्थेत या पत्रांसाठी एक कपाट मिळावे, अशी माझी विनंती आहे. घरच्यांची परवानगी घ्यावी, खासगी मजकूर हवा तर झाकावा, मूळ पत्र द्यायचे नसेल तर छायाप्रत ठेवावी. वेष्टनावर ‘परदेशस्थ’ असा शिक्का मात्र नको. ती नाशिकलाच लिहिलेली आहेत.

माझा डबा मी द्यायला तयार आहे. प्रत्येक पत्राच्या पाठीवर आईच्या हातची पेन्सिलीची नोंद आहे: पोचले अमुक तारखेला, उत्तर धाडले तमुक तारखेला. काहींवर हळदीची बोटे आहेत. शेवटच्या पत्रावर फक्त पोचल्याची तारीख आहे. तेवढे एक मी माझ्याजवळ ठेवणार आहे.

आपली नम्र,
एक वाचक,
गंगापूर रोड, नाशिक