दंड सरकारला, फोन आईला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालचा तुमचा अग्रलेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं मीच काहीतरी चुकीचं वाचतेय. डेटा संरक्षण कायद्यामुळे 'सामान्य नागरिकाच्या हाती शस्त्र आले आहे' असं तुम्ही लिहिलंय. आलंय की. फक्त त्यातली कामाची कलमं मे २०२७ मध्ये लागू होणार आहेत, हे लिहायचं जागेअभावी राहिलं असेल.

आमच्या घरातलं सांगते. आईचं वय ८१. तिला कमी ऐकू येतं म्हणून तिला कानाच्या तपासणीला नेलं. तिथल्या फॉर्मवर 'पेशंटचा मोबाईल' असा रकाना होता, तो भरल्याशिवाय पुढे सरकायचंच नाही असं काउंटरवरची मुलगी म्हणाली, मी माझा नंबर टाकायला गेले तर 'नाही मॅडम, पेशंटचाच लागतो, रिपोर्ट त्याच्यावर येतो', म्हणून टाकला आईचा. खाली बारीक अक्षरात चार ओळी आणि त्यापुढे टिकमार्क, तो आधीच छापलेला. सही कर म्हणाले, केली सही. मागे सात-आठ माणसं खोळंबलेली असताना कोण वाचत बसतं.

चौथ्या दिवशी फोन. कानाच्या मशीनवाल्यांचा. ज्या बाईला ऐकू येत नाही म्हणून तपासणी केली तिलाच फोन! आई आपली ओरडतेय 'जोरात बोला, मला ऐकू येत नाही', आणि पलीकडचा बहुतेक मनातल्या मनात उड्या मारतोय, असं गिऱ्हाईक त्याला दिवसभरात दुसरं मिळालं नसेल. मी फोन घेतला तर तो मला म्हणतो, 'काकूंना उजव्या कानाला जास्त त्रास आहे ना?' संपादक महाशय, उजवा कान जास्त गेलाय हे आम्हाला घरात माहीत नव्हतं हो. ते फक्त त्या ऑडिओग्रामच्या, म्हणजे कानाच्या तपासणीच्या, कागदावर होतं. तो कागद माझ्या पर्समध्ये, आणि त्यावरचं हा मला वाचून दाखवतोय.

तेव्हापासून रोज दोन-तीन फोन. नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून. डीएनडी, म्हणजे जाहिरातींचे फोन रोखायची सोय, चालू आहेच, त्याचा उपयोग काय ते विचारू नका. परत तिथे जाऊन विचारलं तर उत्तर तयार, 'आमच्याकडून नाही गेला, सॉफ्टवेअरवाल्याकडून गेला असेल'. सॉफ्टवेअरवाला कोण? 'ते सरांना माहीत.' सर कधी भेटतील? सर बाहेरगावी. गेले दोन महिने सर बाहेरगावीच आहेत.

आता तुमचं ते शस्त्र. मी रिटायर्ड आहे, वेळ आहे, म्हणून कायदा मुळातून वाचला, तुम्हीही वाचला असेलच. त्यात लिहिलंय की काम दुसऱ्या कंपनीला दिलं तरी जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्याचीच, म्हणजे 'सॉफ्टवेअरवाल्याकडून गेलं असेल' ही सबब चालत नाही. छान आहे, ते वाचून मला खरंच बरं वाटलं. एक उदाहरण पण दिलंय, फोनवरून डॉक्टरचा सल्ला देणाऱ्या ॲपने तुमच्या मोबाईलमधले सगळे नंबर मागितले आणि तुम्ही हो म्हणालात तरी ती संमती त्या नंबरांसाठी धरायची नाही, कारण उपचाराला त्याची गरज नाही. अगदी आमचीच केस. शिवाय कायद्यात माणसाचा उल्लेख करताना सगळीकडे 'ती' वापरलंय, 'तो' नाही. आईला कौतुकाने सांगितलं, ती म्हणाली, 'बरं, मग फोन कधी बंद होणार?'

तर आई, मे २०२७. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला तेव्हा आईला शेजारच्या खोलीतलं बोलणं स्पष्ट ऐकू यायचं. २०१८ मध्ये या कायद्यासाठी नेमलेल्या श्रीकृष्ण समितीचा मसुदा, २०१९ ला विधेयक, २०२२ ला ते मागे घेतलं, २०२३ च्या ऑगस्टमध्ये कायदा झाला, नियम यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला, आणि त्यात पुन्हा कंपन्यांना तयारीला १८ महिने. म्हणजे हक्क मिळाल्यापासून वापरता येईपर्यंत जवळजवळ दहा वर्षं. तेवढ्यात आमचा उजवा कान गेला.

आणि गंमत म्हणजे एक कलम मात्र त्याच नोव्हेंबरात तातडीने लागू झालं. कुठलं? माहिती अधिकार कायद्यात बदल करणारं. आता कुठल्याही फाईलवर 'वैयक्तिक माहिती आहे' म्हटलं की देणं टाळायला सोपं. सार्वजनिक हितासाठी माहिती देता येते असं कलम अजून आहे म्हणतात, पण त्यासाठी भांडायचं कोणी आणि किती वर्षं? या बदलाला तयारीचे १८ महिने लागले नाहीत बरं. यावर तुमच्या अग्रलेखात अवाक्षर नाही.

खरं दुखणं पुढे आहे. २५० कोटींपर्यंत दंड असं तुम्ही ठळक अक्षरात छापलंय. तो दंड जाणार कुठे? भारताच्या एकत्रित निधीत, म्हणजे सरकारच्या तिजोरीत. आईला त्यातला रुपया नाही. आजपर्यंत आयटी कायद्यात ४३ए नावाचं कलम होतं, कंपनीने हलगर्जीपणा केला तर ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई मागता यायची, किती जणांना मिळाली ते सोडा, पण मागता तरी यायची. नवीन कायदा पूर्ण लागू झाला की ते कलमच वगळणार आहेत. तुम्ही 'युरोपच्या तोडीचा' म्हणालात ना, तर युरोपच्या कायद्यात नुकसान झालेल्या माणसाला भरपाईचा हक्क आहे, ८२ वं कलम, बघून घ्या. आपल्याकडे आधी माहिती घेणाऱ्यांच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे जायचं (म्हणजे बाहेरगावच्या सरांकडे), त्यांना उत्तराला ९० दिवसांपर्यंत मुदत, मग सरकारच्या डेटा संरक्षण बोर्डाकडे, आणि तक्रार खोटी किंवा फालतू ठरली तर नागरिकालाच दहा हजारांपर्यंत दंड. ही ओळ वाचून मी चष्मा पुसला. कान आईचा, कागद आमचा, फोन त्यांचे, आणि दंडाची भीती मी बाळगायची?

बरं तुम्ही तरी काय वेगळे आहात? कालचा अग्रलेख मुलाला पाठवायचा म्हणून तुमचं ॲप उघडलं, तर आधी लोकेशन मागितलं. अग्रलेख वाचायला मी कुठे उभी आहे हे कशाला लागतं? मग 'सर्व स्वीकारा' हे हिरवं मोठं बटण, आणि 'नाही' कुठे आहे ते शोधायला तिसऱ्या पानापर्यंत जावं लागलं, तिथे करड्यावर करडी अक्षरं. संमती देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणंही सोपं हवं असं कायद्यात आहे हे तुमच्याच अग्रलेखाच्या चौथ्या परिच्छेदात लिहिलंय. आणि तुमच्या त्या गोपनीयता धोरणाचं मराठी! 'आपला वैयक्तिक डेटा आमच्या भागीदारांसह वाहून नेला जाऊ शकतो.' पुरात का? संमतीची सूचना मराठीतही मागता येईल अशी सोय कायद्याने केलीय, पण मराठी असलं असेल तर मला इंग्रजीतच द्या.

शेवटचं. गेल्या वर्षी गटारांबद्दल माझं पत्र छापलंत तेव्हा खाली नावासोबत मोबाईल नंबरही छापला होता. मी तो फक्त तुमच्या खात्रीसाठी दिला होता. त्या आठवड्यात पाच फोन आले, दोन गटारांबद्दल आणि तीन पॉलिसीवाल्यांचे. या वेळी कृपया नाव, पत्ता, नंबर काहीही छापू नका.

एक वाचक
(नाव-पत्ता तुमच्याकडे आहे, तिथेच राहू दे)